आतल्या खोलीचं दार

पहिली ओळ वाचायच्या आधीच रत्नाताईंनी हेडफोन काढून ठेवले आणि काचेपलीकडून मला हाताने आत बोलावलं.

"काय झालं? वाक्य जमत नाहीये का?" मी विचारलं.

"वाक्याला काय धाड भरलीय? दार लाव आधी."

मी दार लावलं. मिरजेतल्या त्या स्टुडिओचं दार चांगलं जाडजूड होतं, ते लागलं की रस्त्यावरचा गलका एकदम बंद व्हायचा. स्टुडिओ यासीनचा. तो सतारी बनवणाऱ्यांच्या घरातला. काचेच्या पलीकडे वायरी जोडत बसला होता आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही असा चेहरा त्याने केला होता. माईक चालू होता, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येत होतं.

"सोमवारी माझं ऑपरेशन आहे," रत्नाताई म्हणाल्या. "गळ्याचा कॅन्सर निघालाय. स्वरयंत्र काढून टाकणार म्हणतात."

आधी फोनवर त्यांचा आवाज खरखरीत लागला होता तेव्हा मी खूश होऊन "म्हातारीला अगदी शोभतोय" असं म्हणाले होते, तेवढंच त्या क्षणी आठवलं.

"मग आज कशाला आलात, ताई?"

"म्हणजे काय? तारीख दिली होती की तुला." त्यांनी कागद सारखे केले. "तुझं काम झालं की माझं एक काम कर. मला थोडी वाक्यं लिहून दे. घरात लागतील अशी. ती मी इथंच म्हणते, यासीन फोनमध्ये घालून देईल. पुढं बटण दाबलं की माझा आवाज यायला हवा. यंत्र लावून बोलायला शिकवतात म्हणे नंतर. पण तो आवाज यंत्राचा. ह्यांना नाही चालायचा."

"काका म्हणाले तसं?"

"ते काही म्हणतच नाहीत गं. म्हणून तर."

मी तेव्हा व्हिडिओ गेमसाठी लिहायचे, अजूनही लिहिते. सांगलीत बसून असलं काही करता येतं हे माझ्या आईला कधीच पटलं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं की ती "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून विषय बदलायची. फ्रीलान्स म्हणजे एका वेळी एकाचं काम नसतं. त्या दिवसांत माझ्याकडे तीन गेम होते. पुण्यातल्या दोघा मित्रांचा भुताचा गेम, एका किल्ल्याच्या वेढ्याचा गेम आणि बंगळुरूच्या कंपनीचा शेतीचा गेम. सकाळी मी सरदार, दुपारी शेतकरी आणि जेवणानंतर भूत. एकदा तर किल्ल्यावरचा पहारेकरी "यंदा सोयाबीनला भाव नाही" म्हणाला होता. ते वेळेत सापडलं म्हणून निभावलं.

लोकांना वाटतं गेममध्ये मोठमोठे संवाद लिहायचे असतात. माझं पोट चालतं ते फुटकळ वाक्यांवर. खेळणारा गावातून दिवसात दहा वेळा जातो. दर वेळी दुकानदार तेच वाक्य बोलला की डोकं उठतं. म्हणून एकच गोष्ट चार-पाच तऱ्हांनी लिहायची, कधी कुठलं वाक्य येईल ते सांगता येऊ नये, आणि कुठलंही आलं तरी ते शोभलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं.

शेतीच्या गेममध्ये ओसरीवर बसलेली एक म्हातारी होती आणि तिच्यासाठी मला रत्नमाला मगदूमच हव्या होत्या. ताईंनी वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली, रेडिओवर श्रुतिका केल्या. लहानपणी त्यांचा आवाज ऐकून आमच्या घरात भांडण थांबलेलं मी पाहिलंय. त्यांचे यजमान भूपालकाका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांनी बायकोचं एकही नाटक चुकवलं नाही आणि एकाही नाटकाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

रेकॉर्डिंग सुरू झालं. पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर ताईंचा आवाज मध्येच फाटला. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी तेच वाक्य परत घेतलं, आवाज पुन्हा तिथेच फाटला. यासीनने कानावरचं काढून माझ्याकडे बघितलं.

"बसतोय आवाज," तो म्हणाला. "जरा थांबवू या. ताई, तुम्ही अजिबात बोलू नका. कुजबुजायचं पण नाही, त्याने जास्त लागतं."

"विश्रांतीनंतर किती चालेल?" मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"एवढी सगळी पानं नाही चालणार. ही अर्धी होतील, नाहीतर त्यांची घरची होतील. दोन्ही नाही."

मी बाहेर येऊन बंगळुरूला कौस्तुभला फोन लावला. कौस्तुभ त्या कंपनीत माझ्या कामाचा प्रमुख. मूळचा डोंबिवलीचा, माणूस चांगला, पण त्याच्या मागे कायम कोणीतरी घाई करत असायचं. मी त्याला सगळं सांगितलं.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण तनुजा, शुक्रवारी म्हातारी गेममध्ये बोलली पाहिजे. मी वर काय सांगू?"

"दुसरी कोणी बघू का?"

"आता? दोन दिवसांत? तू आधी आपली पानं संपव ना. मग राहिलेल्या वेळात त्यांची."

"राहिलेला वेळ नाहीये, कौस्तुभ. तेच तर सांगतेय."

त्याचंही चूक नव्हतं आणि मला त्याचा रागही आला. आत आले आणि ताईंना म्हटलं, "गेमचं राहू द्या. मी बघते काय ते. आपण तुमची वाक्यं घेऊ."

त्यांनी बोट हलवून 'नाही' म्हटलं. मग माझी पानं उचलून छातीशी धरली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मी निमूटपणे स्टुलावर बसले. कबूल केलेलं काम टाकून त्या उठणार नव्हत्या. नाटकाच्या माणसांना हे समजावता येत नाही.

"बरं. पण तुमची वाक्यं लिहायला तरी घेते," मी म्हटलं. "घरात दिवसभर काय काय बोलता? बोलू नका हां, करून दाखवा."

त्यांना ते आवडलं. त्यांनी उठून साडीचा पदर खोचला आणि डोळे बारीक करत टेबलावर, खुर्चीवर, यासीनच्या वायरींमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मग कपाळावर टिचकी मारली.

"अहो, चष्मा कपाळावर आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग कपात बोट बुडवून तोंड वाकडं केलं.

"अहो, चहा गार झाला."

मान डोलली. मग खांद्यावर पिशवी, हातात छत्री, दारातून पुन्हा मागे.

"अहो, किल्ली घेतली का?"

यासीन हसायला लागला. त्यालाही आता अर्थ ओळखायचा नाद लागला होता. मग ताईंनी हात उंच धरला आणि हळूहळू खाली आणला, बोटं मिटली आणि तोंडाकडे घास नेला.

मला कळलं नाही. यासीनलाही नाही. त्यांनी परत केलं. हात खाली येताना त्यांच्या चेहऱ्यावर घाई होती, आणि घास नेताना त्या दाराकडे बघत होत्या.

"सूर्य," मी म्हटलं. "दिवस बुडतोय. जेवायला या."

त्यांनी जोरात मान डोलावली, आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मगदूम जैन. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरी कोणी जेवत नाही. मला हे ठाऊक होतं, पण त्यात भूपालकाकांचं काय होतं ते ठाऊक नव्हतं. काका संध्याकाळी घराखालच्या कट्ट्यावर जुन्या पेढीवाल्यांशी हळदीच्या भावावर वाद घालत बसायचे आणि त्यांना सूर्य दिसायचाच नाही. वरून ताईंची हाक आली की ते उठायचे. सोमवारनंतर हाक येणार नव्हती. काका रात्री उपाशी झोपणार होते आणि त्याबद्दलही काही म्हणणार नव्हते. ताईंना आवाज जाण्याची भीती नव्हती असं मी म्हणत नाही, पण त्यांचा जीव अडकला होता तो या एका हाकेत.

मी माझी पानं पुढे ओढली. आणि त्या क्षणी मला दिसलं की माझी म्हातारी कृषी खात्याच्या पत्रकासारखी बोलत होती. 'पेरणीला उशीर करू नकोस, बाळा.' 'शेणखत घातलंस का?' इथे माझ्यासमोर एक बाई तोंडातून शब्द न काढता अख्खं घर उभं करत होती, आणि मी म्हातारीच्या तोंडी शेणखत घातलं होतं.

शेतीच्या गेममध्येही सूर्य उगवायचा आणि मावळायचा. मावळताना म्हातारीने काहीतरी म्हणायचं अशी जागाच ठेवली होती मी.

"यासीनभाई, पेन द्या," मी म्हटलं आणि पानं उलटी करून पाठीवर लिहायला घेतलं.

म्हातारीला मी नवरा दिला. तो आतल्या खोलीत. खोलीचं दार बंद. म्हातारी ओसरीवर बसून दिवसभर बोलते ती त्याच्याशी. खेळणारा फक्त येताजाता ऐकतो. त्याला पेरणीचं काय सांगायचं ते दुकानदार सांगेल. म्हणजे ताईंनी प्रत्येक वाक्य एकदाच म्हणायचं, ते गेममध्येही जाणार आणि त्यांच्या फोनमध्येही. एकाच वाक्यावर दोन गिऱ्हाइकं. धंदा म्हणून मी आयुष्यात एवढी हुशारी दुसऱ्यांदा केली नाही.

"हे बघा," मी पानं ताईंपुढे ठेवली. "आता काम तेच आणि घरचंही तेच. कबूल केलेलं मोडत नाही."

त्यांनी सावकाश वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं आणि नको म्हणून सांगितलेलं असूनही बोलल्या.

"हे कशाला?"

ती ओळ होती, 'हळू. झोपलेत ते.'

"खेळणारा त्या बंद दारावर टकटक करणार. करणारच, सगळे करतात. तेव्हा म्हातारी हे म्हणते."

"पण मला काय उपयोग? घरात आम्ही दोघंच. ते झोपले तर मी सांगू कोणाला?"

"ही एकच ओळ गेमसाठी. बाकी सगळ्या तुमच्या."

"मग असू दे," म्हणून त्या आत गेल्या.

आधी हाकेचं वाक्य घेतलं, आवाज ताजा होता तेव्हा. 'अहो, दिवस बुडायला लागला. जेवून घ्या.' माझ्या सवयीप्रमाणे मी चार तऱ्हा मागितल्या. एक साधी, एक वैतागून, एक लाडात, आणि एक खाली कट्ट्यापर्यंत पोचेल अशी. ती शेवटची हाक ताईंनी दिली तेव्हा यासीनने दचकून आवाजाचं बटण खाली केलं.

मग चष्मा, चहा, किल्ली, औषधाच्या गोळ्या, आणि 'पुरे झालं ते भावाचं, वर या.' मग मी म्हटलं, "ताई, आता नुसतं 'अहो'."

"कुठल्या तऱ्हेचं?"

"तुम्हाला लागतात तेवढी."

मी आजवर कितीतरी नटांकडून एकेक शब्द वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणवून घेतलाय. तसं पुन्हा ऐकलं नाही. पाहुण्यांसमोर गप्प करणारं 'अहो'. स्वयंपाकघरातून फडताळावरचा डबा काढायला बोलावणारं. जिन्यावर पाय घसरताना धसकलेलं. काहीतरी सापडल्यावर आनंदलेलं. खोटं खोटं रागावलेलं. यासीन नुसता काचेतून बघत होता. शेवटी एक अगदी हलकं आलं, त्यात ना राग ना काम.

"हे कशासाठी?" मी माईकवरून विचारलं.

"कशासाठीच नाही," ताई म्हणाल्या. "घरात आहेत का बघायला."

यासीननेच सांगितलं, "एकच राहिली, ताई. ती गेमवाली."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, बंद खोलीकडे बघावं तसं स्टुडिओच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हळू. झोपलेत ते." एका दमात झालं. त्यानंतर त्यांनी माझं नाव घ्यायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

खाली भूपालकाका स्कूटर घेऊन उभे होते. किडकिडीत माणूस, डोक्यावर पांढरी टोपी.

"आटपलं काय?" त्यांनी मला विचारलं. "दिवस बुडायच्या आत घराकडं पोचाय पायजे. हिचं जेवण चुकाय नगं."

ताईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला हसू आलं. त्या मागे बसल्या, काकांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं गेले.

कौस्तुभला मी फायली पाठवल्या. त्याचा फोन लगेच आला.

"तनुजा, हे काय आहे? ही बाई कोणाला अहो-अहो करतेय?"

"नवऱ्याला. तो आतल्या खोलीत आहे."

"अगं, नवरा नाहीये आपल्याकडे! त्याचं चित्र नाही, काही नाही. शुक्रवारपर्यंत कोण काढणार तो?"

"म्हणूनच दार बंद आहे."

तो म्हणाला, "परत ऐकतो." परत ऐकल्यावर त्याने काही बदलायला सांगितलं नाही. मी भुताकडे वळले, ते आठवडाभर वाट बघत होतं.

ऑपरेशन नीट झालं. ताईंच्या फोनवर यासीनने सगळी नवी वाक्यं घातली आणि घरच्या प्रत्येक वाक्याला एकेक चित्र लावून दिलं, चष्म्याला चष्मा, चहाला कप, हाकेला सूर्य. पुढे एकदा मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते. ताईंनी गॅलरीत जाऊन फोन उंच धरला आणि सूर्य दाबला. खालून काकांचा आवाज आला, "आलो आलो!" वर येऊन ते मला म्हणाले, "आधी येकदा हाक मारायची. आता चारचारदा दाबतीय. बोलणं वाढलंय हिचं." भूपालकाकांना बायकोच्या आवाजाबद्दल काही बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ताई फोनवर वैतागलेलं 'अहो' शोधत होत्या.

गेम चालला. आमच्या मानाने बराच चालला. आणि लोकांना पिकांपेक्षा त्या बंद दाराचं वेड लागलं. आत कोण आहे, तो कधी बाहेर येतो, किती नांगरलं की दार उघडतं, यावर पोरं तासन्‌तास वाद घालायची. कोणी म्हणे आत खजिना आहे. कोणी म्हणे आत कोणीच नाही, म्हातारीला वेड लागलंय. ते वाचून मला राग यायचा. असा राग माझ्या दुसऱ्या कुठल्याही गेमवरून मला आला नाही.

काही वर्षांनी कंपनीने नवीन भाग करायचं ठरवलं. कौस्तुभ म्हणाला, "या वेळी दार उघडायचं. चित्रकार तयार आहे, वेळही आहे. नवरा कसा दिसतो ते फक्त तू सांग." काम मोठं होतं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून दार उघडून घेतलं असतं. मी म्हटलं, "ज्यांचा आहे त्यांना विचारते."

त्याआधीच्या थंडीत भूपालकाका गेले होते. सगळ्यांनी काळजी केली ताईंची, आणि दुपारी झोपले ते काका उठलेच नाहीत. मी तेव्हा भेटून आले होते. आता गेले तेव्हा घर स्वच्छ होतं, खुंटीवर पांढरी टोपी होती. ताईंनी पाटीवर लिहिलं, 'चहा?' दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, माझ्याशी त्या पाटीवरच बोलायच्या. फोनमधलं एकही वाक्य आम्हा कोणासाठी नव्हतं. फोन चार्जिंगला लावलेला होता, पण काका गेल्यापासून तो वाजला नव्हता असं शेजारणीने मला जिन्यातच सांगितलं होतं.

चहा झाल्यावर मी विषय काढला. नवीन भाग, चित्रकार, लोकांची उत्सुकता, सगळं भराभरा सांगितलं. सांगताना माझंच मला ऐकवेना, म्हणून आवाज उगाच मोठा झाला होता.

"तर कंपनी म्हणतेय की ते दार आता उघडू या. आतले काका दाखवू या. तुम्ही म्हणाल तसे. टोपीसकट. तुम्हाला चालेल का, ताई?"

ताईंनी पाटी हातात घेतली. खडू टेकवला, पण लिहिलं काहीच नाही. पाटी खाली ठेवून त्या उठल्या, फोन काढून आणला आणि चष्मा लावून त्यावरून बोट फिरवत राहिल्या. चष्मा गेला, कप गेला, सूर्य गेला. त्या 'अहो' दाबणार असं मला वाटलं. पण बोट त्याच्याही खाली गेलं, अगदी शेवटापर्यंत. तिथे एक चौकट होती, तिला यासीनने चित्रच लावलं नव्हतं, कारण ती या घरात कधी लागणार नव्हती.

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं, आतल्या खोलीकडे बघितलं आणि ती चौकट दाबली.

"हळू. झोपलेत ते."

मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "बरं, ताई. मग नाही उघडत."